तेरा कोटी : एका संख्येचे गणित, एका नामाचे तप

चैत्र शुद्ध नवमीच्या माध्यान्ही गावोगावच्या राममंदिरांत पाळणा हलतो, गुलाल उधळला जातो, सुंठवड्याचा प्रसाद हातावर पडतो आणि रामजन्माचा सोहळा संपन्न होतो. सातारा-सांगलीकडील भाविकाच्या मनात मात्र या एका तिथीला दोन जन्मोत्सव एकत्र आलेले असतात. शके १५३० मध्ये, म्हणजे इसवी सन १६०८ साली, याच नवमीस मराठवाड्यातील जांब या गावी सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण नावाचा मुलगा जन्मास आला. पुढे तोच समर्थ रामदास या नावाने कृष्णाकाठी आला, चाफळास त्याने रामाची स्थापना केली आणि शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस सज्जनगडावर देह ठेवला. जन्माची तिथी नवमी, निर्वाणाचीही नवमीच.

या संतचरित्राशी एक संख्या अविभाज्यपणे जोडली गेली आहे. ती संख्या म्हणजे तेरा कोटी. बारा वर्षांचा नारायण लग्नमंडपातून निघून नाशिकास आला, गोदावरी आणि नंदिनी यांच्या संगमावर टाकळी येथे बारा वर्षे राहिला आणि तेथे त्याने रामनामाचा तेरा कोटी जप पूर्ण केला, असे चरित्रपरंपरा सांगते. कीर्तनकार ही संख्या सहज सांगून जातात, श्रोतेही ती सहज ऐकतात. परंतु तेरा कोटी म्हणजे नेमके किती? ही संख्या आतून कशी आहे? ती बारा वर्षांत बसते काय? नामाच्या बाबतीत असा हिशेब मांडणे काहींना अश्रद्धेचे वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या साधनेत माळेचा प्रत्येक मणी मोजला जातो, तेथे संख्येकडे डोळे उघडून पाहण्यात अनादर नाही. उलट, ज्याने ती संख्या गाठली त्याने काय केले, हे कळण्याचा हाच एक मार्ग आहे.

तेरा अक्षरे, तेरा कोटी

‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा त्रयोदशाक्षरी मंत्र. त्याची घटना पाहिली तरी गणिती मनास आनंद व्हावा अशी ती आहे. आरंभी ‘श्री’ हे एक अक्षर. त्यानंतर ‘राम’ हा दोन अक्षरांचा शब्द तीन वेळा आणि ‘जय’ हा दोन अक्षरांचा शब्दही तीनच वेळा येतो. एक, अधिक सहा, अधिक सहा, मिळून तेरा.

मंत्राच्या पुरश्चरणासाठी अक्षरलक्ष जपाची पद्धत प्रसिद्ध आहे. मंत्रात जितकी अक्षरे तितके लक्ष जप, हा तो नियम. या न्यायाने त्रयोदशाक्षरी मंत्राचे एक पुरश्चरण तेरा लक्षांचे होते. तेरा कोटी म्हणजे अशी शंभर पुरश्चरणे किंवा दुसऱ्या शब्दांत, अक्षरागणिक एक कोटी. म्हणजे ही संख्या केवळ मोठी वाटावी म्हणून कोणी निवडलेली नाही. ती मंत्राच्या अंगातूनच निघालेली आहे. तेराच्या जागी दुसरी संख्या बसू शकत नाही.

आपल्या पूर्वजांना मोठ्या संख्यांचे भय नव्हते. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या क्रमात कोटी हे आठवे स्थान आणि अर्बुद हे नववे. तेरा कोटी ही संख्या अंकांत १३,००,००,००० अशी लिहावी लागते. तिच्यात नऊ अंक आहेत, तेव्हा त्या परिभाषेत तिला एक अर्बुद तीन कोटी म्हणावे लागेल. संख्या नऊ अंकी आणि तिथी नवमी, हा योगायोग भाविकाने हवा तर कौतुकाने मनात ठेवावा, गणिताचा त्याला आधार नाही. जेथे गणिताचा आधार आहे अशा गोष्टी या संख्येत पुष्कळ आहेत.

संख्येचे अंतरंग

कोणतीही पूर्ण संख्या ही मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली असते आणि ती घडण एकाच प्रकारची असते. तेरा कोटींची फोड केली तर त्यात केवळ तीन मूळ संख्या सापडतात. दोन हा अंक सात वेळा, पाच हा अंक सात वेळा आणि तेरा एकदा. दोन आणि पाच यांच्या सात जोड्यांतून सात शून्ये, म्हणजेच एक कोटी उत्पन्न होतात, उरलेले तेरा हे मंत्राचे. इतक्या मोठ्या संख्येचे कुळ इतके लहान असावे, ही तिची पहिली विशेषता.

या फोडीवरून तिला निःशेष भागणाऱ्या संख्या किती, हेही निघते. दोनाचा घात शून्यापासून सातापर्यंत आठ प्रकारे घेता येतो, पाचाचाही आठ प्रकारे, आणि तेरा घ्यावे अथवा न घ्यावे असे दोन प्रकार. आठ गुणिले आठ गुणिले दोन, म्हणजे १२८ विभाजक. सामुदायिक जपाचा संकल्प करणाऱ्या मंडळींच्या दृष्टीने ही गोष्ट व्यवहाराची आहे. तेरा कोटी जप काहीही शिल्लक न ठेवता शंभर जणांत, एकशे तीस जणांत, दोनशे साठ जणांत, सहाशे पंचवीस जणांत किंवा तेराशे जणांत वाटून देता येतो. तेराशे साधकांच्या वाट्यास प्रत्येकी बरोबर एक लक्ष येतो.

या ठिकाणी नाशिकच्याच परिसरातील एका गणितज्ञाचे स्मरण होते. देवळाली येथे शाळाशिक्षकाचे काम करीत संख्यांच्या सहवासात आयुष्य घालविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी एका विशिष्ट जातीच्या संख्यांना ‘हर्षद’ असे सुरेख नाव दिले. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, ती हर्ष देणारी संख्या. तेरा कोटींच्या अंकांची बेरीज चार आहे आणि चाराने तिला भाग दिला असता ३,२५,००,००० हे उत्तर शेष न ठेवता येते. अर्थात तेरा कोटी ही हर्षद संख्या आहे. गंमत अशी की नुसते तेरा ही हर्षद नव्हे आणि एकशे तीसही नव्हे. तेराशेपासून पुढे मात्र, शून्ये वाढवीत जावे तशी, प्रत्येक पायरीवरील संख्या हर्षद ठरते. तेरा लक्षांचे एक पुरश्चरण हर्षद, तेरा कोटीही हर्षद. टाकळी आणि देवळाली ही दोन्ही स्थाने नाशिकच्या परिसरात असावीत आणि एका ठिकाणच्या संख्येचे वर्णन दुसऱ्या ठिकाणच्या परिभाषेत व्हावे, हा योग मोठा रम्य आहे.

तुळशीदलांचे दोन चौरस

रामास वा विष्णूस लक्ष तुळशी वाहण्याचा प्रघात आपणाकडे आहे. कल्पना करावी की तेरा कोटी तुळशीदले जमली आहेत आणि ती एका प्रचंड पटांगणावर चौरसाकृती मांडावयाची आहेत. एका ओळीत जितकी दले तितक्याच ओळी. एकच चौरस मांडू गेल्यास तो साधत नाही. ११,४०१ च्या ओळी केल्या तर काही दले उरतात, ११,४०२ च्या केल्या तर कमी पडतात. तेरा कोटी ही पूर्ण वर्गसंख्या नव्हे.

परंतु दोन चौरस मांडण्याची मुभा मिळाली तर चमत्कार घडतो. एका चौरसाची बाजू ११,००० आणि दुसऱ्याची ३,००० घ्यावी. पहिल्यात बारा कोटी दहा लक्ष दले बसतात, दुसऱ्यात नव्वद लक्ष, आणि एकही दल उरत नाही. बाजू ९,००० आणि ७,००० घेतल्या तरी तेच. आठ कोटी दहा लक्ष आणि चार कोटी नव्वद लक्ष मिळून पुन्हा तेरा कोटी. १०,६०० आणि ४,२०० यांनीही हेच साधते. ११,४०० चा विशाल चौरस आणि त्याच्या शेजारी २०० चा चिमुकला चौरस मांडला तरी हिशेब बरोबर जुळतो. अशा एकंदर आठ रीती निघतात.

हे सर्वच संख्यांना साधत नाही. चाराने भागले असता ज्यांची बाकी एक उरते अशा मूळ संख्याच दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येतात, दोन हा एकच अपवाद. पाचाची बाकी एक, तेराचीही एक, म्हणून या संख्येच्या कुळात असा एकही सभासद नाही की ज्यामुळे हा चौरसांचा खेळ अडावा. हा नियम फ्रान्समधील फर्मा या गणितज्ञाने १६४० साली एका पत्रात लिहून ठेवला आणि त्याची सिद्धता पुढच्या शतकात ऑयलरने दिली. १६४० साली समर्थ टाकळीचे तप संपवून भारतभ्रमणात होते. एकाच काळात एक पुरुष संख्येच्या स्वभावाचा शोध घेत होता आणि दुसरा संख्या जगत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

माळेशी न जुळणारी संख्या

आता एक अडचण. जपमाळेचे मणी १०८. ही संख्या दोनाचा वर्ग आणि तिनाचा घन यांच्या गुणाकाराने होते. तेरा कोटींच्या कुळात तीन हा अंक नाहीच. साहजिकच तेरा कोटी जप पूर्ण माळांत कधीही बसत नाही. बारा लक्ष तीन हजार सातशे तीन माळा झाल्यावर ७६ जप उरतात, आणखी एक माळ ओढली तर ३२ अधिक होतात. तिनाच्या अभावामुळे रामनवरात्राच्या नऊ दिवसांतही ही संख्या समान वाटली जात नाही. प्रत्येक दिवशी १,४४,४४,४४४ जप करून नवमीस चार उरतात. सप्ताहाच्या सात दिवसांशी तिचे जुळत नाही आणि समर्थांच्याच अकरा मारुतींशीही जुळत नाही. तेथे नऊ उरतात.

परंतु परंपरेने या अडचणीवर किती सुंदर उपाय योजून ठेवला आहे! माळ १०८ मण्यांची ओढावी, परंतु मोजताना ती शंभरच धरावी, ही रीत घराघरांत रूढ आहे. वरचे आठ जप उच्चारातील दोष, मनाची चंचलता, मध्येच आलेली जांभई आणि सुटलेला मणी यांच्या भरपाईसाठी. या रीतीने तेरा कोटी जप म्हणजे बरोबर तेरा लक्ष माळा होतात, ना एक कमी ना एक अधिक. प्रत्यक्षात मात्र मुखातून चौदा कोटी चार लक्ष वेळा मंत्र गेलेला असतो. एक कोटी चार लक्ष जप मनुष्यस्वभावाच्या दुबळेपणाच्या खाती आगाऊ जमा केलेले असतात. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून आखलेला असा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत सापडावयाचा नाही.

पुरश्चरणाच्या शास्त्रात ही संख्या आणखी एका प्रकारे उपयोगी पडते. जपाच्या दशांश हवन, हवनाच्या दशांश तर्पण, तर्पणाच्या दशांश मार्जन आणि मार्जनाच्या दशांश ब्राह्मणभोजन, अशी ही उतरण आहे. तेरा कोटी जपास एक कोटी तीस लक्ष आहुती, तेरा लक्ष तर्पणे, एक लक्ष तीस हजार मार्जने आणि तेरा हजार पाने. सात शून्यांमुळे चार पायऱ्या उतरूनही कोठे अपूर्णांक येत नाही. ही अंगे शक्य नसल्यास त्यांच्याबदली अधिक जप करण्याचीही रीत आहे.

बारा वर्षांचा ताळेबंद

येथवर संख्या आपल्याशी गोड बोलत होती. आता ती कठोर होते.

बारा वर्षांचे दिवस ४,३८३. तेरा कोटी जप या दिवसांवर पसरला तर दररोज २९,६६० जप होतात. मंत्र स्पष्ट उच्चारून म्हटला तर एका आवर्तनास सुमारे दोन सेकंद लागतात, हे घड्याळ लावून कोणासही पाहता येईल. या गतीने रोज सुमारे साडेसोळा तास केवळ जपास हवेत. बारा वर्षांतील एकूण एक सेकंद मोजले तर ते ३७,८६,९१,२०० भरतात. म्हणजे निद्रा, स्नान, आहार यांसाठी क्षणभरही न थांबता जप चालू ठेवला तरी एका मंत्रास तीन सेकंदांहून कमीच वेळ मिळतो.

दुसरीकडे टाकळीची दिनचर्या परंपरेने जपून ठेवली आहे. पहाटे उठावे, संगमाच्या पाण्यात उभे राहून माध्यान्हापर्यंत जप करावा, मग मधुकरी मागून रामास नैवेद्य दाखवावा, दुपारनंतर पंचवटीत पुराण आणि कीर्तन ऐकावे, अध्ययन करावे, लेखन करावे. सूर्योदयापासून माध्यान्हापर्यंतचा अवधी सुमारे सहा तासांचा. साडेसोळा तासांचे काम सहा तासांत कसे व्हावे? प्रश्न खरा आहे आणि तो टाळण्याने श्रद्धेचे काही भले होत नाही.

याचे एक उत्तर मानसजपाचे. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार असून त्यांत मानसजप मनुस्मृतीनेही श्रेष्ठ मानला आहे. मनातील जपाला जिभेचा अडसर नसतो. तो चालताना, भिक्षा मागताना, पुराण ऐकतानाही चालू राहू शकतो. एका सेकंदास एक मंत्र या गतीने रोजचा जप सव्वाआठ तासांत होतो. संगमावरील सहा तास आणि इतर कामांच्या अनुसंधानात मिळालेले दोन-सव्वादोन तास, असा मेळ बसतो. तो कठीण आहे, परंतु अशक्य नाही.

दुसरे उत्तर मोजणीच्या एककाचे. परंपरा बहुधा ‘तेरा कोटी रामनाम’ असा शब्द वापरते. मंत्राच्या एका आवर्तनात ‘राम’ हे नाम तीन वेळा येते, हे आरंभी पाहिलेच. जर तेरा कोटी ही मंत्राची नव्हे तर नामाची मोजणी धरली, तर मंत्राची आवर्तने चार कोटी तेहतीस लक्ष तेहतीस हजार तीनशे चौतीस एवढी लागतात. दररोजची संख्या ९,८८७ होते आणि दोन सेकंदांच्या संथ, स्पष्ट उच्चाराने तिला साडेपाच तास पुरतात. सूर्योदयापासून माध्यान्हापर्यंत! संगमाच्या पाण्यातील त्या दिनचर्येत हा आकडा जणू मापून घेतल्यासारखा बसतो.

अक्षरांनी मोजावे, असेही कोणी म्हणेल. तेरा कोटी अक्षरे म्हणजे बरोबर एक कोटी मंत्र, दररोज २,२८२ आणि वेळ सव्वा तास. परंतु सव्वा तासाच्या साधनेला बारा वर्षांच्या घोर तपाचे वर्णन शोभत नाही. म्हणून हा तिसरा पर्याय गणिताला मान्य असला तरी चरित्राला मानवत नाही.

या पर्यायांपैकी कोणता खरा, याचा निवाडा गणित करू शकत नाही, तसा त्याचा अधिकारही नाही. गणिताने इतकेच दाखविले की तेरा कोटी ही संख्या कीर्तनाच्या ओघात फुगविलेली अतिशयोक्ती म्हणून बाजूस सारण्यासारखी नाही. ती मनुष्याच्या सामर्थ्याच्या अगदी काठावर उभी आहे. मंत्र धरला तर काठाच्या जरा पलीकडे डोकावते, नाम धरले तर काठाच्या आत येते. आणि कोणताही अर्थ घेतला तरी बारा वर्षांत एकही दिवस वाया घालविण्याची सवड ती देत नाही. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. मंत्राच्या हिशेबाने दुप्पट म्हणजे ५९,३२० जप आणि दोन सेकंदांच्या गतीने जवळजवळ तेहतीस तास. दिवस तर चोवीस तासांचाच. या संख्येत चुकीला क्षमा आहे, आळसाला नाही.

कृष्णाकाठचा हिशेब

टाकळीचे तप आणि त्यानंतरचे भ्रमण संपवून समर्थ इसवी सन १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी आले. चाफळच्या राममंदिरातील मूर्ती अंगापूरच्या डोहातून निघाली, असे परंपरा सांगते. शके १५७० पासून चाफळचा रामनवमी उत्सव सांगितला जातो. प्रसिद्ध अकरा मारुतींपैकी शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन असे सात आजच्या सातारा जिल्ह्यात येतात. बत्तीस शिराळा आणि कृष्णेच्या बेटातील बहे हे दोन सांगली जिल्ह्यात आणि उरलेले दोन कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. मिरजेस समर्थशिष्या वेणाबाईंचा मठ आहे. सातारा-सांगली हा भेदही तसा अलीकडचाच. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला जिल्हा १९६० साली सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. रामनामाच्या नकाशावर ही एकच भूमी आहे.

याच भूमीत, माण तालुक्यातील गोंदवले येथे, श्रीब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) त्रयोदशाक्षरी मंत्राचा प्रसार प्रपंचातील सामान्य माणसापर्यंत केला. त्यानंतर तेरा कोटी हा शब्द एकट्या तपस्व्याचा न राहता मंडळांचा, गावांचा आणि कुटुंबांचा झाला. तेव्हा सामान्य गृहस्थाच्या दृष्टीनेही ही संख्या तपासून पाहावयास हवी.

रोज तेरा माळा जप करणारा एखादा नेमस्त साधक घ्यावा. शंभरच्या मोजणीने त्याचे दररोज तेराशे जप होतात आणि त्यास सुमारे पाऊण तास लागतो. कचेरी, शेती अथवा दुकान सांभाळून एवढे करणे सोपे नाही. तरीही तेरा कोटींस त्याला बरोबर एक लक्ष दिवस लागतील, म्हणजे पावणेदोनशे नव्हे, तर जवळजवळ पावणेदोनशे आणि वर आणखी शंभर वर्षे! रोज शंभर माळा ओढणाऱ्या वृद्धासही तेरा हजार दिवस, म्हणजे पस्तीस वर्षे सात महिने हवेत.

परंतु असेच एक हजार साधक एकत्र आले आणि प्रत्येकाने तेराच माळा केल्या, तर एका दिवसात तेरा लक्ष, म्हणजे अक्षरलक्षाचे एक पुरश्चरण होते. आणि शंभर दिवसांत तेरा कोटी पूर्ण! गुढीपाडव्यास आरंभ केला तर आषाढात, वारकरी पंढरीची वाट चालत असताना, हा संकल्प सिद्धीस जातो.

माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या शेतकऱ्यास हीच संख्या ज्वारीच्या रूपाने दाखविता येईल. शाळूचे हजार दाणे तीस ग्रॅम भरतात असे धरले, तर तेरा कोटी दाण्यांचे वजन ३९ क्विंटल होते. क्विंटलची ३९ पोती खळ्यावर रचावीत आणि एकेका दाण्यागणिक एकदा रामनाम घ्यावे. डोळ्यांसमोर ती थप्पी उभी राहिली म्हणजे तेरा कोटी या शब्दाचे वजन मनास जाणवते.

बेरीज समान, तप असमान

हिशेब आणखी पुढे नेऊ. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगलीची २८,२२,१४३ भरली. दोन्ही मिळून ५८,२५,८८४. पाळण्यातील बाळापासून पलंगावरील आजोबांपर्यंत या प्रत्येकाच्या नावे जेमतेम तेवीस जप धरले, तर बेरीज तेरा कोटींच्या पलीकडे जाते. तेवीस जपांस वेळ लागतो ४६ सेकंद. जे करावयास एका पुरुषास बारा वर्षे संगमाच्या पाण्यात उभे राहावे लागले, ते दोन जिल्हे मिळून रामजन्माचा पाळणा एकदा हलून थांबण्याच्या आत करू शकतात.

मग दोन्ही सारखेच काय? संख्येच्या दृष्टीने होय. तेरा कोटी म्हणजे तेरा कोटी. गणितात बेरजेला तिच्या घटकांची नावे ठाऊक नसतात. परंतु साधनेच्या दृष्टीने पाहता, पहिल्या तेरा कोटींत एक माणूस आरंभी होता आणि शेवटी दुसराच माणूस पाण्याबाहेर आला. ४६ सेकंदांच्या तेरा कोटींत कोणीही बदलत नाही, फक्त आकडा पूर्ण होतो. सामुदायिक संकल्पांना येथेच सावध राहावे लागते. फलकावर कोटींची बेरीज वाढत असताना प्रत्येकाने स्वतःपुरते विचारावे की या बेरजेत माझा रोजचा नेम किती आणि उत्सवापुरता उत्साह किती. बोटात अडकविलेले मोजणीयंत्र हा आकडा दाखवील, त्यात मन किती होते हे मात्र दाखविणार नाही.

याचा अर्थ सामुदायिक जप हलका, असा नव्हे. हजार साधकांचे शंभर दिवस हे ४६ सेकंदांहून फार निराळे आहेत. शंभर दिवस रोज पाऊण तास एका जागी बसणे हे संसारी माणसाच्या आवाक्यातील तप आहे. किंबहुना तेरा कोटींची १२८ विभाजकांची श्रीमंती जणू याचसाठी असावी. ही संख्या एकट्याला पेलवत नाही तेव्हा ती वाटून घेता येते. तेराशे जणांत एकेक लक्ष, तेरा हजार जणांत दहा-दहा हजार, कोणाच्याही वाट्यास अपूर्णांक न येता. फक्त वाटा घेणाऱ्याने तो अखेरपर्यंत उचलावयास हवा, कारण एकाने मध्येच सोडला तर बाकी दुसऱ्या कोणाच्या तरी शिरावर पडते.

आज माध्यान्ही चाफळ, गोंदवले, सज्जनगड, मिरज आणि गावोगावच्या लहानमोठ्या राममंदिरांत जयघोष होईल. ज्यांना तेरा कोटींचा आकडा दूरचा वाटतो त्यांनी त्याचा सर्वांत लहान वाटा घेऊन आरंभ करावा. रोज एक माळ, मोजणीत शंभर, मुखातून एकशे आठ. पुढील रामनवमीपर्यंत त्याची छत्तीस हजारांच्या आसपास मोजणी होईल. तेरा कोटींत ती सुमारे साडेतीन हजारांत एक एवढीच भरते. तरी जेथे साडेतीन हजार माणसे असा वर्षभराचा नेम धरतील आणि सोडणार नाहीत, तेथे पुढच्या नवमीस तेरा कोटींची पूर्तता दाराशी आलेली असेल.